टायर कशाने फुटला?

सायकलचा टायर फुटणे ही काय वर्तमानपत्रात लिहिण्याजोगी गोष्ट आहे, असे कोणी विचारले तर त्याला नाव ठेवता येणार नाही. रस्ता आहे, काटे आहेत, रबर आहे. फुटायचे ते फुटणारच, असे म्हणून आपण खाली उतरतो, सायकल हाताने ढकलत जवळचे दुकान गाठतो, पैसे देतो आणि विसरून जातो. मीही पुष्कळ टायर असेच विसरलो. एक मात्र विसरता आलेला नाही. तो फुटला १९६८ च्या मे महिन्यात, तवंदीच्या घाटात. तो कशाने फुटला हे मला कळले सात वर्षांनी, बेळगावात. मधल्या काळात त्या टायरपायी एका मुलाचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

कोल्हापूरकर वाचकांना हा रस्ता नव्याने सांगायला नको. कागल, कोगनोळी मागे टाकली की निपाणी. निपाणी सोडली की तवंदीचा चढ, स्तवनिधीची जैन मंदिरे, मग संकेश्वर, यमकनमर्डी, काकती आणि बेळगाव. आता हा रस्ता रुंद झाला आहे आणि मोटारीत बसलेल्या माणसाला घाट केव्हा आला नि केव्हा गेला हे कळतही नाही. त्या वेळी तो अरुंद होता आणि सायकलवाल्याला त्याचे प्रत्येक वळण मांड्यांनी ओळखता येई. मी तेव्हा बावीस वर्षांचा, निपाणीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचा मास्तर. पगारातून पैसे साठवून घेतलेली सायकल होती. तिच्या मागच्या चाकाचा टायर झिजला तेव्हा निपाणीतल्या एका दुकानातून नवाकोरा टायर घालून घेतला होता आणि त्याला तीन आठवडे झाले होते. त्याच सुमारास दुसरीही एक हौस मी पुरी केली होती. रात्री भजनाहून परतताना दिवा असावा म्हणून एक डायनॅमो आणून मागच्या चाकाला स्वतःच्या हाताने बसवला होता.

संकेश्वरला बहिणीकडे गेलो होतो. परत येताना तिने भुईमुगाच्या शेंगांचे अर्धे पोते कॅरियरवर बांधून दिले. दुपारी घाट उतरत असताना बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला, मागचे चाक आडवे गेले आणि मी शेंगांसह रस्त्याच्या कडेला पडलो. डाव्या हाताचे मनगट मोडले. एका बैलगाडीवाल्याने मला व सायकलीला गाडीत घालून निपाणीत आणून सोडले.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून मी त्या दुकानात गेलो. माझे म्हणणे ठरलेले होते. जुना माल नवा म्हणून घातला, नाही तर हवा प्रमाणाबाहेर भरली. नवा टायर तीन आठवड्यांत फुटतोच कसा? टायर ज्याने बसवला होता तो मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याने माझ्या सायकलीकडे निरखून पाहिले, खाली बसून मागच्या चाकावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यो डायनॅमो कवा बसवलासा?"

मी म्हणालो, "विषय बदलू नकोस."

गुरुजींपुढे त्या वयाचा मुलगा आणखी काय बोलणार? मालकाने चार माणसांसमोर मला नवा टायर दिला आणि त्याची किंमत मुलाच्या पगारातून कापण्याचे कबूल केले. महिना-पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा त्या जागी दुसरा पोरगा काम करीत होता. मी चौकशी केली नाही. आपला न्याय झाला, असेच मला वाटले.

फुटलेला टायर मात्र घरी माळ्यावर राहिला. आमच्याकडे रबराची वस्तू टाकून देत नसत. मोटेला, गाडीला, नाही तर पोरांना काठीने पळवायला ती कधी तरी उपयोगी पडते.

१९७५ साली शिक्षकांच्या एका वर्गासाठी काही महिने बेळगावात राहण्याचा योग आला. सायकल बरोबर नेली होती. किर्लोस्कर रोडपासून जवळच एका गल्लीत एका वृद्ध मिस्त्रींचे दुकान होते. दुकान म्हणजे एक फळकूट, पाण्याचे घमेले, हवेचा पंप आणि भिंतीला टांगलेल्या रिमा. माझ्या सायकलीत दर दोन दिवसांनी पंक्चर होई. म्हणून त्यांच्याकडे जाणे-येणे वाढले आणि त्यातून ओळख झाली.

त्या रस्त्याच्या नावामागे सायकलच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. किर्लोस्कर म्हटले म्हणजे आपल्याला नांगर, पंप आणि इंजिने आठवतात. परंतु किर्लोस्कर बंधूंचा पहिला धंदा सायकलींचा, आणि तो बेळगावचा. १८८८ साली त्यांनी येथे दुकान काढले. धाकटे लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. त्यांनी तिकडून सायकली धाडाव्या आणि थोरल्या रामूअण्णांनी बेळगावात त्या विकाव्या, असा क्रम होता. एकेका सायकलीला ७०० ते १००० रुपये पडत आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये निराळे, असे सांगतात. पुढे १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मौज अशी की, ज्या १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान निघाले त्याच साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर चढवली होती. अशी कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती, असे मागाहून उघडकीस आले आणि डनलॉपचे पेटंट टिकले नाही. पण चालते झाले ते डनलॉपचेच चाक. त्यात एक मोठी अडचण होती. टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की तो सोलून काढायचा, भोक शोधायचे आणि पुन्हा चिकटवून रात्रभर वाळत ठेवायचा. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी ही यातायात स्वतः करून पाहिली आणि १८९१ मध्ये सहज काढता-घालता येणारा टायर केला. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची शर्यत त्या टायरवर जिंकली गेली. आज कोपऱ्यावरचा पोरगा दोन पट्ट्या घालून क्षणात टायर उतरवतो, त्याला मुळात ही सोय कारण झाली. टायर उतरू लागला म्हणून भोक पाहता येऊ लागले.

पण पाहतो कोण? मिस्त्री पाहत. बाकीचे दुकानदार भोक बुजवीत. मिस्त्री आधी ते वाचीत. टायर उतरवण्यापूर्वी ते व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने एक रेघ ओढीत. मग ट्यूब काढून तीत हवा भरायची, घमेल्यात बुडवायची आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहायचे. व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचे अंतर वितीने मोजायचे आणि तेवढेच अंतर टायरवर खडूच्या रेघेपासून मोजायचे. ट्यूबवरचे भोक टायरच्या नेमक्या कोणत्या जागेखाली होते ते मग आपोआप कळते.

"भोक कुठं हाय ते बगा की ओ आधी," ते म्हणत. "त्येच सांगतंय सगळं."

आणि खरोखरच ते सगळे सांगते. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असले तर दोष बाहेरून आला. आमच्या निपाणीकडे काळ्या जमिनीच्या कडेने बाभळी फार. तिचा पांढरा, लांब काटा टायरमध्ये शिरतो, बाहेरचे टोक झिजून जाते आणि आतले टोक टायरच्या कापडात तसेच राहते. ठिगळ लावून ट्यूब पुन्हा घातली की तोच काटा दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा टोचतो. माझ्या सायकलीचे दर दोन दिवसांचे दुखणे ते हेच निघाले. मिस्त्रींनी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. तो एका ठिकाणी अडकला आणि तेथून काट्याचे कुसळाएवढे टोक निघाले. दोन आठवडे मी ठिगळांचे पैसे भरीत होतो आणि काटा सुखाने आत बसला होता. बैलांच्या पत्र्यांचे खिळे हेही असेच. पुढचे चाक पडलेला खिळा उभा करते आणि तो शिरतो मागच्या चाकात. पावसाळ्यात ओले रबर अधिक लवकर कापले जाते, म्हणून बेळगावच्या पावसात पंक्चरांचा सुकाळ होतो.

भोक आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असले तर रस्त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. तारेचे टोक वर आले आहे आणि रिमवरची पट्टी सरकली आहे, एवढाच त्याचा अर्थ. सापाच्या दातांसारखी दोन भोके शेजारी शेजारी असली तर चाकात हवा कमी होती. दगडावरून जाताना टायर पार दबला आणि दगड व रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटली असली तर त्याचेही कारण बहुधा कमी हवाच. टायर रिमवर हळूहळू सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. तो आधी तिरपा होतो आणि मग मुळापासून तुटतो. आणि कोठेच भोक नसून रात्रभरात हवा जात असली तर व्हॉल्व्हवरची ती इवलीशी रबरी नळी कुजलेली असते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहावे. पै-पैशाच्या वस्तूसाठी नवी ट्यूब घेणारे पुष्कळ आहेत.

ही झाली ट्यूबची गोष्ट. टायरचे दुखणे निराळे. हवा धरून ठेवते ती ट्यूब. पण हवेचा जोर सहन करतो तो टायर, आणि तोही रबराच्या बळावर नव्हे, तर रबराच्या आत दडलेल्या सुताच्या धाग्यांच्या बळावर. रबर हे त्या धाग्यांचे पांघरूण. पांघरूण झिजले तरी टायर काही दिवस चालतो. धागे तुटले की त्या जागी ट्यूब फुगा होऊन बाहेर येते आणि बार होतो. हे धागे तुटण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कमी हवेवर जड ओझे लादले की टायरच्या बाजू सारख्या दुमडत राहतात आणि धागे थकतात. ओझ्याचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो, म्हणून मागचा टायर आधी जातो. सायकल महिनोन्‌महिने उन्हात उभी राहिली की रबराला बारीक भेगा पडतात. तेलाचा किंवा रॉकेलचा हात लागला की रबर फुगून मऊ पडते. काटा वाकडा झाला की चाक एका अंगाला घासत राहते.

"आणि ऊन?" मी विचारले. उन्हाने हवा फुगते आणि टायर फुटतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. वर्गात मुलांनाही सांगत होतो.

मिस्त्री हसले. "ऊन सगळ्यांच्याच टायरला लागतंय की ओ. फुटतोय एकाचाच."

घरी जाऊन मी हिशेब केला. चाकात ५० पौंड दाब आहे आणि हवा ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली असे धरले तर दाब वाढून साधारण ५६ पौंड होतो. सहा पौंडांनी धडधाकट टायर फुटत नाही. ज्याचे धागे आधीच तुटलेले आहेत त्याला मात्र तेवढे निमित्त पुरते. ऊन बोलून चालून निमित्त. कारण दुसरे असते आणि ते आधीपासून असते.

तेव्हा मला माळ्यावरच्या टायरची आठवण झाली. पुढच्या खेपेस गावी गेलो तेव्हा तो पिशवीत घालून बेळगावला आणला. खरे सांगायचे तर त्यात थोडी ऐट होती. वाईट माल कसा असतो हे मिस्त्रींना दाखवावे, असे मनात होते.

मिस्त्रींनी टायर उजेडात धरला. छापाकडे पाहिले, नक्षी शाबूत होती. "नवाच हाय की ह्यो," ते म्हणाले. मग त्यांनी टायर आडवा केला आणि त्याच्या डाव्या बाजूवरून अंगठा फिरवू लागले. तेथे पूर्ण चाकाभोवती एक गुळगुळीत, चकचकीत रेघ होती. सात वर्षे तो टायर माझ्या घरात होता आणि ती रेघ मी पाहिली नव्हती. फाटलेली जागा त्या रेघेवरच होती आणि तिथले धागे कापल्यासारखे तुटलेले होते.

मिस्त्रींनी मान वर केली आणि विचारले, "सायकलला डायनॅमो होता काय ओ?"

मला क्षणभर काही बोलता येईना. सात वर्षांपूर्वी ऐकलेला तोच प्रश्न होता.

डायनॅमो बसवण्याची रीत त्यांनी मला मग दाखवली. त्याचा आस नेमका चाकाच्या मध्याकडे रोखलेला असावा लागतो. मग त्याची चकती टायरबरोबर फिरते. तो तिरपा बसला तर चकती फिरता फिरता टायरला खरवडत जाते. मी हौसेने बसवलेला डायनॅमो तिरपा होता. रोज रात्री मी दिवा लावून भजनाला जात होतो आणि माझाच दिवा माझा टायर कापीत होता. घाटातला उतार, शेंगांचे ओझे आणि मे महिन्याचे ऊन ही नंतरची निमित्ते. तो मुलगा खाली बसून चाकावरून बोट फिरवताना काय पाहत होता, हे मला त्या दिवशी कळले. त्याला ती रेघ दिसली होती. त्याने मला कारण विचारले नव्हते, सांगितले होते.

पुढच्या रविवारी मी निपाणीला गेलो. दुकानाच्या मालकांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "आता काय गुरुजी, झालं ते झालं." टायरची पुरी किंमत वसूल होण्याआधीच त्यांनी मुलाला काढून टाकले होते, गिऱ्हाइकांत बोलबाला झाला होता म्हणे. मुलाची आई विड्या वळीत असे. तिचे घर शोधून काढले. ओसरीवर सुपात तंबाखू आणि पाने घेऊन ती बसली होती. मी कोण ते सांगितले, टायरची हकिगत सांगितली आणि पैसे पुढे ठेवले. तिने हातातली विडी वळून पुरी केली, दोरा बांधला आणि म्हणाली, "त्यो सांगत हुता गुरुजी. पर ऐकतंय कोन?"

मुलगा इचलकरंजीला मागावर कामाला लागला होता. सायकलच्या कामाला त्याने पुन्हा हात लावला नाही, असे ती म्हणाली. पैसे तिने घेतले नाहीत. त्यालाच द्या, म्हणाली. मी त्याला पत्र लिहिले, मनीऑर्डर केली. मनीऑर्डर परत आली. पत्राचे उत्तर आले नाही, आणि ते यावे असे म्हणण्याचा मला अधिकारही नव्हता.

यानंतरच्या माझ्या नोकरीत मी एक नेम केला. वर्गात काही मोडले, फाटले, सांडले, की "कोणी केले?" हा प्रश्न मी आधी विचारला नाही. आधी ती वस्तू टेबलावर मागवली. मुलांना प्रथम ते चमत्कारिक वाटे. पण फुटलेली पाटी नीट पाहिली म्हणजे ती पडून फुटली की दप्तराखाली दबून, हे बहुधा दिसते. आणि पुष्कळदा कोणाला बोल लावण्याचे कारणच उरत नाही.

मी निवृत्त झाल्यावर, २००६-०७ पासून, कर्नाटकात आठवीच्या मुलामुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या. आमच्या भागातल्या मुली त्या सायकलींवरून शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाऊ लागल्या, हे पाहून फार बरे वाटले. पण वर्षभरात काही सायकली गोठ्यांत उभ्या दिसू लागल्या. विचारले तर उत्तर एकच: टायर बाद निघाला, सरकारी मालच तसला. मी खडू, घमेले आणि दोन पट्ट्या घेऊन गोठ्यातच बसलो. कोणाच्या तारेचे टोक वर आलेले, कोणाच्या टायरमध्ये बाभळीचा काटा, कोणाच्या व्हॉल्व्हची नळी कुजलेली. एका मुलीच्या सायकलीवर तिचे वडील दुधाच्या दोन किटल्या घालून डेअरीला जात आणि चाकात हवा निम्मीच असे. खरोखर बाद टायर त्यात एखाददुसराच निघाला. मुलींना मी खडूची रेघ आणि वितीचे माप शिकवले. दोघी-तिघी तर माझ्याहून हुशार निघाल्या. सायकल थांबवून आधी भोक शोधतात, मग बोलतात.

तो टायर अजून माझ्याजवळ आहे. रबर आता दगडासारखे कडक झाले आहे, छाप पुसट झाला आहे. डाव्या बाजूची रेघ मात्र बोट फिरवले की अजून लागते. आपल्यापैकी कोणाच्या सायकलीला जुना डायनॅमो असेल तर त्यांनी आज संध्याकाळी खाली वाकून एकदा तो कोठे रोखलेला आहे ते पाहावे. आणि टायर फुटलाच, तर दुकानातल्या पोराला रागे भरण्याआधी तो काय विचारतो आहे ते नीट ऐकून घ्यावे.